पकडलेल्या मुलाला न्यायचे कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ जूनला शाळाशाळांतून अमली पदार्थविरोधी शपथ होते, प्रभातफेरी निघते, चित्रकला स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. पुढे कधीतरी नववीतल्या एखाद्या मुलाच्या दप्तरात व्हाइटनरची बाटली, व्हेप (ई-सिगारेट) किंवा गांजाची पुडी सापडते. त्या दिवशी मुख्याध्यापकांना आणि आईवडिलांना एकच गोष्ट कळायला हवी असते : आता याला न्यायचे कुठे? ते कोणीच सांगत नाही. मग शाळा दाखला हातात ठेवते, घरी मार बसतो, मामाच्या गावाला रवानगी होते, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत मूल पुन्हा त्याच कट्ट्यावर दिसते. आम्ही सरकारी आणि स्वयंसेवी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे समुपदेशक, परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक आहोत. मूल सापडण्यापासून ते उपचारापर्यंतच्या या रिकाम्या जागेबद्दल आपल्या वाचकांना नेमकेपणाने सांगावे, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठी चूक व्यवस्थेच्या मांडणीतच आहे. व्यसनाची रांग वेगळी आणि मनाच्या आजाराची वेगळी. मानसोपचार विभागात सांगितले जाते, ‘आधी नशा थांबवा, मग बघू.’ व्यसनमुक्ती केंद्र म्हणते, ‘हा फारच उदास आहे, शिवाय अठराच्या आतला आहे, आम्ही घेत नाही.’ दोन्ही वाक्ये प्रामाणिकपणे बोलली जातात आणि दोन्हींच्या मध्ये मूल हातचे जाते. या वयात नशा आणि उदासी, चिंता, चंचलता, अभ्यासातली अक्षमता, घरातली मारहाण किंवा झालेला लैंगिक अत्याचार यांची गाठ इतकी घट्ट असते की एक टोक सोडून दुसरे सुटत नाही. रात्र रात्र झोप न लागणारा मुलगा गांजा ओढतो. गांजा बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात झोप आणखी उडते, चिडचिड वाढते, आणि झोपेसाठी तो पुन्हा गांजाकडे वळतो. त्याच्या झोपेचा आणि मनाचा विचार न करता ‘सोड’ म्हणणे म्हणजे त्याला एकट्याने लढायला सोडून देणे आहे.

आकडे थोडेच देतो, पण ते महत्त्वाचे आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे थिनर, व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, हा त्यातला एकच प्रकार असा निघाला की ज्याचा वापर मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयोगटात जास्त आहे : मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. या एका कारणासाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी एकाला कोणता तरी उपचार मिळाला, असे तेच सर्वेक्षण सांगते; त्यात सर्व वयाचे लोक आले. २०१९च्याच जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुले तंबाखू वापरताना आढळली, मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के. ‘आमच्या मुली यात नाहीत’ असे मानणाऱ्यांनी हा फरक किती कमी आहे ते पाहावे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के होते. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपण आपल्या मुलांसाठीचे नियोजन दुसऱ्यांच्या आकड्यांवर करतो आहोत.

आता घरातल्या खुणा. हुंगणाऱ्या मुलाच्या कपड्यांना पेट्रोल-थिनरसारखा वास येतो, नाकातोंडाभोवती लाल पुरळ दिसते, खिशात रुमाल, चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी सापडते. व्हेप पेनड्राइव्ह किंवा हायलायटरसारखी दिसते आणि खोलीला फळाचा गोड वास येतो. देशात २०१९च्या कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी असली तरी ती मुलांपर्यंत पोचते. गांजाने डोळे लाल होतात, अवेळी भूक लागते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणारा मुलगा रात्र-दोन रात्री झोपत नाही, जबडा आवळतो, बडबडतो, आणि मग दोन दिवस मेल्यासारखा झोपून उठल्यावर अत्यंत खिन्न असतो. हे खिन्नतेचे दिवस सर्वांत धोक्याचे. तेव्हा त्याला एकटे सोडू नये. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांना मुले ‘बटन’ किंवा ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. तोल जाणे, जीभ जड होणे आणि कालचे काहीच न आठवणे ही त्यांची खूण. व्यायामशाळेतल्या काही मुलांकडे मेफेंटरमिन इंजेक्शनच्या कुप्या सापडू लागल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठीचे हे औषध ‘ताकदीचे’ म्हणून टोचले जाते आणि त्याने छातीत धडधड, रक्तदाब आणि संशयीपणा वाढतो. विदर्भातला खर्रा, नगर-सोलापूरकडचा मावा आणि घरातली मशेरी यांना अजूनही कोणी नशा म्हणत नाही. निकोटिनची सवय मात्र त्यांतूनच, पुष्कळदा दहाव्या वर्षाच्या आत लागते.

यातली कोणतीही एक खूण पुरावा नव्हे. वयात येताना झोप, भूक, मित्र सगळेच बदलते. एकाच महिन्यात तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या, म्हणजे गुण घसरले, जुने मित्र सुटले, पैसे कमी पडू लागले, आंघोळ टळू लागली, तर मात्र बोलायला हवे. आणखी एक : या वयातले नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चिडचिड, आवडत्या खेळातून मन उडणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी वाक्ये, हे ‘वयाचे चाळे’ म्हणून सोडून देऊ नये.

मूल सापडले त्या संध्याकाळी काय करावे? ते नशेत असेल तर काहीच विचारू नये. विशेषतः हुंगलेल्या अवस्थेत त्याच्यामागे धावू नये, ओरडू नये, मारू नये. या द्रावकांमुळे हृदय इतके हळवे झालेले असते की अचानक भीतीने किंवा धावल्याने त्याची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. पहिल्यांदाच हुंगणाऱ्याच्या बाबतीतही हे घडते. खिडक्या उघडाव्यात, काडी-लायटर दूर ठेवावे, मुलाला बसवावे. गुंगी असेल तर कुशीवर झोपवावे म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडले असतील किंवा झटका आला असेल तर लगेच १०८. मीठपाणी पाजून उलटी काढणे, डोक्यावर गार पाणी ओतणे, लिंबू चोखायला देणे यांत वेळ जातो, शिवाय गुंगीत काढलेली उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

बोलणे दुसऱ्या दिवशी, मूल शुद्धीत आणि पोट भरलेले असताना, आईवडिलांपैकी ज्याच्याशी त्याचे जमते त्या एकानेच करावे. ‘का केलेस?’ या प्रश्नाने दार बंद होते, कारण त्याचे उत्तर मुलालाही ठाऊक नसते. ‘कधी सुरू झाले, काय घेतले की काय बरे वाटते, आणि न घेता काय त्रास होतो?’ असे विचारावे. ‘कधीमधी’ या उत्तरावर थांबू नये. गेल्या ३० दिवसांतले किती दिवस, दिवसाला किती पुड्या किंवा किती झुरके, सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली तल्लफ येते, पैसे कुठून येतात, एवढे कळले की डॉक्टरांचे अर्धे काम होते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर शरीर त्यावर अवलंबून आहे असे समजावे.

शाळेतले समुपदेशक सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरू शकतात. नशेत असलेल्या कोणाच्या गाडीवर बसलास का किंवा स्वतः चालवलीस का? मन हलके करायला किंवा चारचौघांत बरे वाटावे म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? त्या भरात केलेले नंतर आठवत नाही असे होते का? घरचे किंवा मित्र ‘कमी कर’ म्हणतात का? त्यामुळे कधी अडचणीत आलास का? दोन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली की सविस्तर तपासणीसाठी पाठवावे. हे प्रश्न वर्गात हात वर करायला लावून विचारायचे नसतात. एका बंद खोलीत, एकेकट्याला विचारायचे असतात. आणि त्याच बैठकीत सरळ शब्दांत विचारावे : ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट विचारणारे कोणी भेटले याने मुलाला सुटका वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर घरातली कीटकनाशके त्याच दिवशी घराबाहेर कुलुपात जायला हवीत. आजीच्या गोळ्यांच्या पट्ट्यासुद्धा. ग्रामीण भागात तुरीच्या फवारणीचा डबा पलंगाखाली असतो. झटक्यात आलेला विचार आणि हाताशी असलेले विष यांच्यात फक्त एका कुलुपाचे अंतर ठेवले तरी जीव वाचतात.

‘आजपासून एकदम बंद, खोलीत कोंडा’ हा उपाय तंबाखू-गांजाच्या बाबतीत फक्त निष्फळ ठरतो. रोज दारू किंवा ‘बटन’ गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. दारू अचानक तोडल्यावर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम होऊ शकतो. गोळ्यांच्या बाबतीत फीट आणखी उशिरा, आठवड्याभरानेही येऊ शकते. म्हणून या दोन पदार्थांपासून सोडवणूक डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू कमी करतच करावी लागते. निकोटिनचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. गांजाचा पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन-तीन आठवडे चालतो. हे दिवस आधीच कळले तर घरचे परीक्षेच्या तोंडावर ‘सोड’ म्हणून मागे लागणार नाहीत, आणि मुलालाही या त्रासाला शेवट आहे हे कळेल.

औषध दुकानातून लघवी तपासण्याची पट्टी आणून मुलाच्या नकळत तपासणी करणारे पालक वाढले आहेत. ही पट्टी एमडी सहसा पकडत नाही, व्हाइटनर-थिनर तर नाहीच. गांजा एकदाच ओढला असेल तर तीनेक दिवसांनी ती कोरी येते. रोजच्या वापरात मात्र सोडल्यानंतरही महिनाभर गांजा दाखवत राहते, आणि खरोखर सोडलेल्या मुलाला खोटे ठरवते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही चुकीचा निकाल येतो. तपासणी करायचीच असेल तर मुलाला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि निकालाचे काय करायचे हे आधी ठरवून करावी.

‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल तर आम्ही हात जोडून सांगतो : जेवणातून काहीही मिसळू नका. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, उलट्या, छातीत दुखणे, रक्तदाब एकदम खाली येणे असे घडते आणि माणूस दगावूही शकतो. रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, यकृत-हृदयाची तपासणी करून आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे हे औषध आहे. किशोरवयीन मुलाला गुपचूप देण्याचे तर नावही काढू नये.

आता प्रत्यक्ष कुठे जायचे ते. पहिला फोन १४४१६, म्हणजे टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते, रात्रीही चालतो, आणि मूल स्वतःही करू शकते. व्यसनाबद्दलच्या सल्ल्यासाठी १४४४६, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८. प्रत्यक्ष तपासणीसाठी सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजसेवक असणे अपेक्षित आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे काही पैसे पडतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिक खास किशोरवयीनांसाठीच आहेत, पण पालकांना ती माहीतही नसतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये हा पहिला थांबा नव्हे. तिथे पोचायला भामरागडच्या कुटुंबाला साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर प्रवास करावा लागतो, आणि बहुतेक मुलांना त्याची गरजही नसते.

जाताना शाळेचे गेल्या दोन वर्षांचे प्रगतिपुस्तक, सुरू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, आणि एका कागदावर काढलेली कालरेषा न्यावी : मूल चालायला-बोलायला कधी लागले, अभ्यास कधी घसरला, घरात मोठे काही घडले असेल तर कधी, झोप कधी बिघडली, पहिला पदार्थ कधी. उदासी आधी आली की नशा आधी, याचा अंदाज या कागदावरून येतो. नशा बंद करून साधारण चार आठवडे झाल्यावरही उदासी तशीच असेल तर ती स्वतंत्र आजार आहे असे डॉक्टर धरतात. पण आत्महत्येचे विचार, भास, संशय किंवा जेवण-झोप पूर्ण तुटलेली असेल तर चार आठवडे थांबायचे नसते, दोन्हींचे उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत. लहानपणापासूनची चंचलता किंवा वाचन-लेखनातली अक्षमता असेल तर तीही याच वेळी तपासून घ्यावी. वर्षानुवर्षे ‘ढ’ ठरवलेल्या मुलाला पहिली शाबासकी कट्ट्यावर मिळालेली असते, हे कधीही विसरू नये.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : निदान काय, औषध किती दिवस, आणि पुढची भेट कधी. नैराश्यासाठी या वयात बहुतेक वेळा फ्लुऑक्सेटिन दिले जाते. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, सवय लागत नाही, आणि बरे वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर ते चालू ठेवावे लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. घडते असे की दोन आठवड्यांत ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या थांबतात किंवा दोन महिन्यांत ‘बरा झाला’ म्हणून थांबतात, आणि दोन्ही वेळा आजार परत येतो. झोपेची गोळी दिली असेल तर ती किती दिवसांसाठी ते लिहून घ्यावे, आणि पट्टी मुलाच्या हातात देऊ नये.

गोळीइतकेच समुपदेशनही लागते. पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, किमान तीन महिने, आणि त्यांतल्या काही भेटी आईवडिलांसोबत. बाप रोज घरात दारू पीत असेल तर मुलाचा उपचार बापापासून सुरू करावा लागतो; हे सांगताना समोरच्याला राग येतो, तरी आम्ही सांगतो. मध्येच मुलाने पुन्हा एकदा घेतले तर उपचार फुकट गेला असे नव्हे. कोणत्या वेळी, कोणासोबत, कोणत्या भावनेत घेतले ते पाहून योजना दुरुस्त करायची असते. मामाच्या गावी महिनाभर ‘चांगला राहिलेला’ मुलगा परत आल्यावर घसरतो, कारण गावात तो कट्टा, ते मित्र, तो दुपारचा रिकामा वेळ नव्हता. तो वेळ इथे कशाने भरायचा, हे ठरवल्याशिवाय जागा बदलून काही साधत नाही.

दाखल करण्याची वेळ थोड्यांवर येते : फीट किंवा भ्रम, आत्महत्येचा धोका, तीव्र मानसिक लक्षणे, दारू-गोळ्यांवरचे शारीरिक अवलंबन, किंवा घरच असुरक्षित असणे. तेव्हा पालकांनी कायदा माहीत करून घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू आहे, आणि अशा रुग्णांना उपचारासाठी ठेवणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करण्यासाठी पालकांचा अर्ज लागतो. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, पालक किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीला पूर्ण काळ सोबत राहावे लागते, मुलीसोबत स्त्रीच असावी लागते, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. साखळीने बांधण्याला कोणत्याही परिस्थितीत मनाई आहे. म्हणून जे केंद्र नोंदणी क्रमांक दाखवत नाही, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते सांगत नाही, ‘तीन महिने भेटायचे नाही’ म्हणते, किंवा मुलाला घरून उचलून नेण्यासाठी चार माणसे पाठवतो म्हणते, तिथून पालकांनी परत फिरावे. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी माणुसकीने हे काम करून दाखवले आहे, पण राज्यात अठराच्या आतल्यांसाठी वेगळ्या खाटा शोधायला गेले की हातची बोटेही जास्त होतात. मुलींसाठी तर विचारूच नका.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ही भीती अनाठायी आहे. मुलाने नशा केली हे पोलिसांना कळवण्याची सक्ती डॉक्टर किंवा समुपदेशकावर नाही. ती सक्ती लैंगिक अत्याचार उघड झाल्यास पॉक्सो कायद्याखाली आहे. सेवन केलेल्या आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण आहे. अठराच्या आतल्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि नुसत्या सेवनाला एक वर्षापर्यंतचीच शिक्षा असल्याने तो किरकोळ गुन्हा ठरतो. उलट मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आतल्या टपरीवर दोनशे रुपयांची पावती फाडून भागवले जाते, तिथे मुलाला विकल्याचा पुरावा असेल तर हे कलम लावायला हवे.

शाळांना आमची विनंती आहे : दाखला देऊ नका. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकण्यास शिक्षण हक्क कायद्यानेच मनाई आहे. नववी-दहावीत काढलेले मूल शाळेच्या नजरेआड आणि विक्रेत्याच्या नजरेत जाते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे सांगितले आहे. हे काम चित्रकलेच्या शिक्षकांकडे जादा जबाबदारी म्हणून देऊन होणार नाही. कर्करोगाची चित्रे दाखवणारी भाषणे पुरेत. नकार कसा द्यावा, ताण आला तर कोणाकडे जावे, याचा सराव करून घेणारे तास उपयोगी पडतात.

सरकारकडे आमची मागणी खर्चाने फार मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस दुपारी ३ ते ६ किशोरवयीन ओपीडी ठेवा. सकाळच्या ओपीडीसाठी मुलाची शाळा आणि आईची मजुरी दोन्ही बुडतात, म्हणून दुसरी भेट होत नाही. त्या ओपीडीत व्यसन आणि मन दोन्ही एकाच खोलीत, एकाच केसपेपरवर पाहा. दाराबाहेर ‘मनोविकार’ किंवा ‘व्यसनमुक्ती’ अशी पाटी नको, ‘मैत्री’ पुरे. पथकातली रिक्त पदे भरा, एक महिला समुपदेशक सक्तीने ठेवा, फ्लुऑक्सेटिनसारखी साधी औषधे महिनाभराची द्या, म्हणजे पंधरा दिवसांनी एसटीचे भाडे पुन्हा काढावे लागणार नाही. न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी फोन जाईल अशी नोंदवही ठेवा. आणि प्रत्येक विभागीय ठिकाणी अठराच्या आतल्यांसाठी निदान दहा खाटा, मुलींसाठी वेगळ्या, सुरू करा.

आपल्या दैनिकाकडेही तीन मागण्या आहेत. नशा किंवा आत्महत्येच्या प्रत्येक बातमीखाली १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक चौकटीत छापावेत. पदार्थाचा भाव, मिळण्याचे ठिकाण आणि घेण्याची पद्धत छापू नये, आणि पकडलेल्या अल्पवयीन मुलाचे नाव, छायाचित्र किंवा शाळा तर नाहीच. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने त्याला मनाई आहे. तिसरी मागणी छोट्या जाहिरातींची : ‘न सांगता व्यसन सोडवा’ या जाहिराती कृपया उद्यापासून घेऊ नयेत.

आपले,
किशोरवयीन मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक, परिचारिका व समाजसेवा अधीक्षक
पुणे